सामायिक न्हाणी

मिऱ्याच्या वाटेवर, घरामागं,
चार खोल्या, एक पडवी, एक टाकी, एक न्हाणी.
एसटीतून निवृत्त झालो तेव्हा बांधल्या.
वाटलं, आता कुणी गाडीत थुंकलं
तर कंडक्टरला विचारणार नाहीत.

पहिलीत नर्सिंगच्या दोघी, शलाका गुरव आणि नाझमीन.
दुसरीत टेकबहादूर नि डंबर, ट्रॉलरवरचे खलाशी,
पंधरा दिवस पाण्यात, आले की भात आणि झोप.
तिसरीत नंदू पिलणकर, बर्फाच्या कारखान्यातला,
आमच्याच वाडीचा, एक तारखेला भाडं देणारा,
नोटा मोजल्या तर मलाच लाज वाटावी असा.
चौथीत माझे जुने पत्रे.

करारनाम्याचं कलम अकरा:
सामायिक जागेचा वापर सभ्यतेने करावा.
वीज मोजायला प्रत्येक खोलीत सबमीटर आहे.

दिवाळीनंतर एकदा न्हाणीच्या झरोक्यात
थर्मोकोल दिसला, मासळीच्या खोक्याचा,
ब्लेडनं कापून नीट बसवलेला.
मी म्हटलं, हवा कशी खेळायची? भिंतीला बुरशी धरेल.
शलाका म्हणाली, धरू दे.
आणि बादली उचलून गेली.

बायको म्हणाली, त्या नेपाळ्यांना काढा.
समोरचे मयेकर म्हणाले, आम्ही आधीच सांगत होतो.
चौकीत नोंद केलीय ना त्यांची?
केलीय. फोटोसकट, गावच्या पत्त्यासकट.
पोरींचीही केलीय.
नंदूची तेवढी नाही.
घरच्या माणसाचा कसला फॉर्म?

आणि ते दोघे तेव्हा
जयगडच्या पुढं जाळं ओढत होते.
हे मला माहीत होतं.
मला आणखीही माहीत होतं.

गणपतीच्या आधीची रात्र. मोटर बंद करायला उठलो.
न्हाणीत उजेड, आत तांब्याचा आवाज.
बाहेर पालथी बादली,
बादलीवर माणूस, हात वर,
हातात चौकोनी निळं काहीतरी.
मी खाकरलो.
तो उतरला. म्हणाला, काका, बल्ब बघत होतो.
मी म्हटलं, बरं.

खाकरणं म्हणजे काय धरायचं?
ताकीद? की नुसता घसा?
त्याच्या अनामतीचे पंचवीस हजार
पडवीवरच्या नव्या पत्र्यांत गेले होते.
परत कुठून द्यायचे, हा सगळा हिशोब
त्या एका खाकरण्यात मावला.

देवरुखच्या गाडीवर एकदा,
अर्ध्या वाटेत एक बाई सीट सोडून
माझ्याजवळ येऊन उभी राहिली.
गाडीत जागा होती.
मी तिला विचारलं नाही, का उठलीस.
त्या सीटकडं बघितलंही नाही.
दोन घंट्या दिल्या, गाडी सुटली.
परवापर्यंत ती बाई मला आठवलीसुद्धा नव्हती.

शलाकाच्या दाराशी गेलो, चप्पल बाहेर काढून,
माझ्याच खोलीबाहेर.
म्हटलं, नंदूला महिन्याची मुदत देतो.
ती म्हणाली, मुदत तुमची आणि त्याची.
मला सांगा, तुम्ही बघितलं होतं का?
नाझमीन आतून बघत होती, हातात अर्धी सोललेली लसूण.

होय, म्हटलं.
मग लिहून द्या.

कराराची मागची बाजू कोरी होती.
तारीख. वेळ. बादली कुठं होती.
बल्बचं लिहिलं. ‘बरं’ म्हटलं तेही लिहिलं.
पत्र्यांचं लिहिताना पेन अडलं,
शाईचं नव्हतं ते.

चौकीत शिपायानं विचारलं, तुमचा काय संबंध?
घरमालक, म्हटलं.
तो म्हणाला, मग बसा.

पत्रे उतरवून विकले. पडवीत आता दुपारी ऊन येतं.
मयेकर बोलत नाहीत, वाडीत बरेच जण बोलत नाहीत.
डंबरनं एक मोठा बांगडा आणून दिला, कशाबद्दल ते सांगितलं नाही.
तिसरी रिकामी आहे.

थर्मोकोल अजून तिथंच आहे.
काढा, असं मी म्हटलेलं नाही.
बुरशी धरलीय, वर छतापर्यंत.
रविवारी पोरी ड्यूटीवर गेल्या की
स्टूल लावून घासतो,
झरोक्याकडं पाठ करून.